कागदाच्या कपट्यांची वाट

खेळांचे इतिहास आपल्याकडे फारसे लिहिले जात नाहीत. आणि लिहिले गेलेच, तर ते विक्रमांचे आणि विक्रमवीरांचे असतात. धावण्याचा एक प्रकार मात्र असा आहे की ज्यात घड्याळ नाही, पदक नाही, आणि पहिला येणाऱ्याचे कौतुक होण्याऐवजी त्याची सर्वांसमक्ष थट्टा होते. या प्रकाराचा जन्म १९३८ साली मलायातल्या क्वालालंपूर शहरी झाला. 'हॅश हाउस हॅरिअर्स' हे त्याचे नाव. आज जगभर त्याचे सुमारे दोन हजार गट असल्याचे सांगितले जाते.

नोकरीच्या निमित्ताने मी १९९४ ते १९९९ अशी पाच वर्षे क्वालालंपूरला होतो, आणि तिथल्या अशाच एका गटाबरोबर आठवड्यातून एकदा रानात धावत होतो. बेळगावच्या घरी पत्रातून हे कळवले, तेव्हा 'एवढ्या लांब जाऊन पुन्हा जंगलातच कशाला?' असे उत्तर आले होते. प्रश्न वाजवी होता. त्याचे उत्तर शोधता शोधता या खेळाचा इतिहास हाती लागला, आणि त्या इतिहासाखाली दडलेला आणखी एक इतिहासही.

मूळ खेळ इंग्लंडातला. तिकडे सशाची शिकार हा जमीनदारांचा छंद. सशाच्या वासावर जी कुत्री सोडत, त्यांना 'हॅरिअर' म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात श्रूजबरी, रग्बी अशा निवासी शाळांतल्या मुलांनी या शिकारीची नक्कल सुरू केली. दोन मुले ससा व्हायची आणि कागदाचे कपटे टाकीत पुढे पळायची. बाकीची मुले कुत्री होऊन कपट्यांच्या मागावर सुटायची. रग्बी शाळेची 'क्रिक रन' १८३७ पासूनची. टॉमस ह्यूजच्या 'टॉम ब्राउन्स स्कूलडेज' या १८५७ सालच्या कादंबरीने हा खेळ घरोघर पोहोचवला. पुढे १८६८ साली लंडनजवळ 'टेम्स हेअर अँड हाउंड्स' हा क्लब निघाला आणि पोरांचा खेळ प्रौढांचा झाला. साहेब जिथे गेला, तिथे त्याच्या सामानाबरोबर हा खेळही गेला.

१९३० च्या दशकातले क्वालालंपूर म्हणजे लाख-सव्वालाख वस्तीचे गाव. कथिलाच्या खाणींमुळे वसलेले आणि रबरामुळे वाढलेले. गावाच्या मध्यभागी हिरवे मैदान, त्याला 'पाडांग' म्हणत. आणि मैदानाच्या कडेला १८८४ साली स्थापन झालेला सेलांगोर क्लब. या क्लबाच्या जोडइमारतीत अविवाहित गोऱ्या अधिकाऱ्यांची राहण्याजेवण्याची सोय होती. तिथले जेवण रोज तेच ते, बेचव. उरलेसुरले मांस आणि बटाटे एकत्र चिरून परतले की त्याला इंग्रजीत 'हॅश' म्हणतात. त्यावरून त्या जागेला 'हॅश हाउस' हे नाव पडले. मेसच्या आमटीवर दिवस काढलेल्या कुणाही मराठी माणसाला हे नाव समजावून सांगावे लागू नये!

तिथे राहणाऱ्या आणि जेवणाऱ्या मंडळींत आल्बर्ट स्टीव्हन इग्नेशियस गिस्पर्ट नावाचा एक सनदी हिशेबनीस होता. घराणे मूळचे स्पॅनिश, जन्म इंग्लंडातला. मलायात कपट्यांमागे धावणारे गट आधीही होते. त्यांपैकी मलाक्क्यातला गट पाहून गिस्पर्टला कल्पना सुचली, असे सांगतात. सेसिल ली, फ्रेडरिक 'हॉर्स' थॉमसन अशा मित्रांना हाताशी धरून १९३८ च्या डिसेंबरात त्याने धावणे सुरू केले, आणि नाव ठेवताना त्या बेचव जेवणालाच अमर केले. गिस्पर्ट काही मोठा धावपटू नव्हता. धावण्यानंतर सर्वांनी मिळून गार बिअर पिणे आणि गप्पा मारणे यातच त्याला अधिक रस होता. या खेळाचा सगळा स्वभाव यातून आलेला आहे.

खेळाची रीत थोडक्यात सांगतो. एक किंवा दोन गडी 'ससा' होतात. ते आधी रानात जाऊन कागदाचे कपटे टाकीत माग आखून येतात. जिथे कागद चालत नाही तिथे पीठ वापरतात. ठराविक वेळी बाकीचे सुटतात. माग सरळ नसतो. मध्येच तो तुटतो. त्या जागेला 'चेक' म्हणतात. तिथे पुढचे गडी चहूदिशांना पांगतात. एखादी वाट शे-दोनशे पावलांवर आटते, म्हणजे ती खोटी. खरा माग ज्याला सापडतो तो 'ऑन ऑन' अशी आरोळी ठोकतो, कुणीतरी पिपाणी फुंकतो, आणि सगळा जथा तिकडे वळतो. यातली मेख अशी, की जोरकस धावणारे खोट्या वाटांवर दमतात आणि तेवढ्या वेळात मागचे स्थूल, वयस्क, रमतगमत येणारे त्यांना गाठतात. हुशारीने आखलेला माग तो, की ज्यात पहिला आणि शेवटचा जवळजवळ बरोबरच परततात. स्पर्धेला आपोआप फाटा देणारी ही युक्ती मला त्या खेळातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

पण हा खेळ मलायातच का रुजला? साहेबांचे क्लब आपल्याकडेही गल्लोगल्ली होते. बेळगावच्या कँपातही होते. माझ्या मते याचे उत्तर रबरात आहे.

१८७६ साली हेन्री विकहॅम याने ब्राझीलमधून रबराच्या सुमारे सत्तर हजार बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या. त्यांतल्या उगवलेल्या रोपांपैकी २२ रोपे १८७७ मध्ये सिंगापूरला आली. तिथल्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख हेन्री रिडली याने झाडाला इजा न करता सालीवर तिरपी खाच पाडून चीक काढण्याची पद्धत बसवली. मोटारगाड्या आल्या, टायरांना रबर हवे झाले, आणि मलायाचे रान तोडून रबराची बने उभी राहिली. एकसारख्या ओळी, खाली मोकळी जमीन, वर पानांचे छत.

चीक काढण्याचे काम पहाटेचे. उन्हे चढली की चीक वाहायचा मंदावतो. म्हणून कामगार काळोखातच कपाळाला दिवा बांधून निघतो. त्याच्या वाट्याला चारपाचशे झाडे असतात. प्रत्येक झाडाशी थांबायचे, पातळ साल कापायची, वाटी लावायची, पुढे जायचे. मग परत फिरून वाट्या गोळा करायच्या. वर्षानुवर्षे असे फिरून बनात पाऊलवाटांचे जाळे तयार होते. झाडाकडून झाडाकडे जाणारी, वळणे घेणारी, एकमेकींना छेदणारी ही जाळी. दुपारपर्यंत काम आटोपते. संध्याकाळी बन निर्मनुष्य असते. खोटी वाट, खरी वाट, चेक, चकवा: या सर्वांसाठी याहून सोयीची जागा कुणाला आखूनही बनवता आली नसती. साहेब धावला तो जंगलात, असे क्लबांच्या आठवणींत म्हटलेले असते. प्रत्यक्षात तो बराचसा धावला तो तमिळ मजुराने पायांनी घडवलेल्या वाटांवर.

हे मजूर बहुतेक मद्रास इलाख्यातून 'कंगाणी' नावाच्या मुकादमांमार्फत आणलेले. मळ्यावरच्या लाइनीत राहणारे. मळ्याच्या हद्दीत एक मारिअम्मनचे देऊळ, एक तमिळ शाळा, एक ताडीचे दुकान, जग तेवढेच. मजुरीच्या दरावरून झालेल्या वादानंतर हिंदुस्थान सरकारने मलायात अशी मजूरभरती बंद केली, ती १९३८ सालीच. म्हणजे ज्या वर्षी साहेबाने त्या वाटांवर धावणे सुरू केले, त्याच वर्षी त्या वाटा घडवणाऱ्यांची नवी माणसे यायची थांबली. हा केवळ योगायोग आहे. परंतु लक्षात राहावा असा आहे.

सीमाभागात वाढल्याचा मला तिथे एक अनपेक्षित फायदा झाला. मळ्यावरचे तमिळ लोक रबराच्या झाडाला 'पाल मरम' म्हणत. मला आधी काही अर्थबोध होईना. मग आमच्या गल्लीतली हालु घालणारी बाई आठवली आणि उलगडा झाला. तमिळमधल्या शब्दारंभीच्या 'प'चा कानडीत 'ह' होतो: पाल म्हणजे हालु, पुलि म्हणजे हुलि, पळ्ळी म्हणजे आपल्या गावांच्या नावातली हळ्ळी. पाल मरम म्हणजे दुधाचे झाड! चिकाला दूध म्हणणाऱ्या त्या माणसांशी माझे जे चार शब्दांचे बोलणे सुरू झाले, ते कानडीच्या आधाराने. घरात मराठी, दारात कानडी असा आमचा जन्म गेला. त्यातली दारातली भाषा अशी समुद्रापार कामी येईल असे कुणाला वाटले असते?

१९४१ च्या ऑगस्टमध्ये क्लबाची शंभरावी फेरी साजरी झाली. चार महिन्यांनी, ८ डिसेंबर १९४१ रोजी, जपानी सैन्य कोटा भारू येथे उतरले. ७ जानेवारी १९४२ रोजी स्लिम नदीच्या लढाईत जपानी रणगाड्यांनी ब्रिटिश फळी फोडली. त्या फळीतल्या १२ व्या हिंदी ब्रिगेडमध्ये स्कॉटिश 'आर्गाइल अँड सदरलंड हायलँडर्स'च्या दुसऱ्या पलटणीबरोबर १९ व्या हैदराबाद रेजिमेंटची चौथी पलटणही होती. हैदराबादच्या नावाची हीच रेजिमेंट १९४५ मध्ये 'कुमाऊँ' झाली. ११ जानेवारीला क्वालालंपूर पडले. गिस्पर्ट याच आर्गाइल पलटणीत दाखल झाला होता. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी, सिंगापूर शरण येण्याच्या चार दिवस आधी, तो तिथे लढताना मारला गेला. क्लब काढून त्याला पुरती चार वर्षेही झाली नव्हती.

गिस्पर्टचे नाव आज जगातल्या प्रत्येक हॅश गटात आदराने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्याच युद्धात मलायाच्या रबराच्या मळ्यांतून हजारो तमिळ मजूर जपान्यांनी सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर नेले. पटकी, हिवताप, उपासमार आणि मार यांनी त्यांतले असंख्य तिकडेच मेले. गोऱ्या युद्धकैद्यांची तिथे नीट राखलेली स्मशाने आहेत, दगडावर नावे आहेत. या मजुरांपैकी बहुतेकांची नावे कुठेच नाहीत. मळ्यावरची एक म्हातारी मला तिचे वडील 'रेल्वेला गेले' एवढेच सांगे. गेले म्हणजे काय, हे विचारायची गरज नव्हती.

युद्ध संपल्यावर उरलेले सभासद पुन्हा जमले. रोनाल्ड 'टॉर्च' बेनेट याने क्लबाच्या गहाळ झालेल्या मालमत्तेबद्दल सरकारकडे भरपाईचा अर्ज केला. त्या मालमत्तेत पत्र्याचे एक न्हाणीचे टब आणि काही जुनी पोती असा ऐवज होता, असे सांगतात! १९४६ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा धावणे सुरू झाले.

दोनच वर्षांनी रान पुन्हा बंद झाले. १९४८ साली कम्युनिस्टांच्या सशस्त्र उठावामुळे आणीबाणी जाहीर झाली, ती १९६० पर्यंत टिकली. बंडखोरांना रानाच्या कडेने राहणाऱ्यांकडून शिधा मिळू नये म्हणून सरकारने सुमारे पाच लाख लोकांना, त्यांत बहुतेक चिनी, उठवून काटेरी तारांच्या 'नव्या गावांत' वसवले. संध्याकाळी कागदाचे कपटे टाकीत रानात शिरणारी माणसे अशा काळात संशयास्पद ठरणारच. संस्थांची नोंदणीही सक्तीची झाली. १९५० साली क्लबाने जी उद्दिष्टे सरकारदरबारी नोंदवली, ती गमतीची आहेत: सभासदांची प्रकृती सुदृढ राखणे, आठवडासुट्टीतल्या मद्यपानाचा ताण उतरवणे, चांगली तहान लावून ती बिअरने भागवणे, आणि वयस्क सभासदांना ते स्वतःला वाटतात तितके म्हातारे नाहीत हे पटवणे. सरकारी फायलीत इतका प्रांजळ मजकूर क्वचितच शिरला असेल.

३१ ऑगस्ट १९५७ च्या मध्यरात्री त्याच पाडांगवर ब्रिटिश निशाण उतरले. गोरे साहेब हळूहळू परतले. खेळ मात्र मागे राहिला, आणि त्यांच्याबरोबर बाहेरही गेला. १९६२ मध्ये सिंगापूरला गट निघाला आणि मग सैनिक, अभियंते, बँकवाले, वकिलातीतले लोक बदली होईल तिथे नवा गट काढू लागले. मलेशियात चिनी, मलय, तमिळ, पंजाबी असे सगळे धावू लागले. मूळ क्लब पुरुषांपुरताच राहिला. तेव्हा १९७० च्या दशकात स्त्रियांनी स्वतःचे 'हॅरिएट' गट काढले, आणि पुढे मिश्र गट तर सर्रास झाले. १९७८ मध्ये हाँगकाँगला पहिला जागतिक मेळावा भरला. २००२ सालचा मेळावा गोव्यात झाला, हे पुष्कळ गोवेकरांनाही ठाऊक नसते. पीठ वापरण्याच्या चालीने कधी घोटाळेही झाले. २००७ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन येथे एका दुकानाच्या आवारातल्या पिठाच्या खुणा पाहून विषारी भुकटीच्या भीतीने अख्खे दुकान रिकामे करण्यात आले!

माझ्या काळातल्या आमच्या गटात चाळीस-पन्नास जण येत. वकील, गॅरेजवाला, शिक्षक, विमा एजंट. विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश फार थोडा वेळ टिकतो. सूर्य बुडाला की वीसेक मिनिटांत रान काळेकुट्ट. दुपारी हमखास कोसळणाऱ्या पावसाने माग धुऊन निघे. कमरेइतक्या पात्यासारख्या गवताला तिथे 'लालांग' म्हणतात, ते पोटऱ्या कापी. वेताच्या आकड्या सदरा धरून ठेवीत. जळवांचे मला अप्रूप नव्हते. खानापूर-जांबोटीच्या रानात पावसाळ्यात ज्याने पाय घातला, त्याला जळवांची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. परत आल्यावर डोकी मोजली जात. एकही कमी भरले, की बिअरची बाटली कुणी उघडत नसे. बॅटऱ्या घेऊन मंडळी पुन्हा आत शिरत. साडेनऊपर्यंत शोधून एका दमलेल्या म्हाताऱ्या चिनी शिक्षकाला हात धरून आणल्याचे मला आठवते. त्या दिवशी सर्वांत शेवटी आल्याबद्दल टाळ्या त्यालाच मिळाल्या.

त्याच वर्षांत आमच्या वाटा एकेक करून संपत होत्या. शहराच्या दक्षिणेला 'प्रांग बेसार' नावाचा मोठा मळा होता. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या इंग्रज सैनिकांनी तो १९२१ साली वसवला, म्हणून नाव 'महायुद्ध'. १९९५ पासून त्या जागी पुत्रजया ही नवी प्रशासकीय राजधानी उभी राहू लागली. तिथली आणि आसपासच्या मळ्यांवरची तमिळ कुटुंबे दुसरीकडे हलवण्यात आली. इतरत्रही रबर जाऊन तेलताड आला, तेलताड जाऊन वसाहती आल्या. आम्हा धावणाऱ्यांचे फार तर एवढेच बिघडले, की आठवड्याच्या जागेसाठी आणखी वीस किलोमीटर गाडी हाकावी लागली. ज्या म्हातारीचे वडील रेल्वेला गेले होते, तिचे मात्र देऊळ गेले, शाळा गेली, आणि तीन पिढ्या काढूनही जी कधी तिच्या नावावर झाली नव्हती ती लाइनीतली खोलीही गेली. निघण्याआधी तिने मारिअम्मनच्या मूर्तीपुढची मूठभर माती फडक्यात बांधून घेतली. मला म्हणाली, 'मण्णु.' माती. हा शब्द तिच्या तमिळमध्ये आणि माझ्या कानडीत एकच आहे.

इतिहास लिहिताना कुणाची नावे उरतात याचा विचार मी तेव्हापासून करू लागलो. खेळ निघाला, वाढला, जगभर गेला. त्याच्या संस्थापकांची नावे, तारखा, पत्र्याच्या टबाचीही नोंद शिल्लक आहे. खेळ ज्या वाटांवर झाला, त्या वाटांची नोंद नाही. यात धावणाऱ्यांचा दोष काढण्याचा हेतू नाही. त्यांनी कुणाचे काही हिरावले नाही; माणसे एकत्र आणणारा एक निरुपद्रवी, आनंदी खेळ जगाला दिला, आणि मला पाच वर्षे जिवाभावाची माणसे दिली. परंतु वाट दिसली, की ती कुणी पाडली असेल हे विचारण्याची सवय मात्र माणसाला असावी.

कारण हा प्रश्न फक्त मलायाचा नाही. दोडामार्गच्या बाजूला आता रबराच्या लागवडी झाल्या आहेत. तशाच सरळ ओळी, झाडांना बांधलेल्या तशाच वाट्या. आणि खानापूरच्या रानात रविवारी आपली तरुण मुले ज्या वाटांनी भटकंतीला जातात, त्यांतल्या कितीतरी गवळी-धनगरांनी गुरांमागे चालून पाडलेल्या आहेत. त्या वाड्यांवर दोन भाषांतले चार शब्द बोलायला थांबले, तर कपट्यांवाचूनही खरा माग सापडेल.